निजलेल्यांची शिरगणती

रत्नागिरीत भाट्ये खाडीच्या काठावर एक छोटी प्रयोगशाळा होती. २०५८ सालच्या डिसेंबरातल्या एका सकाळी तिथे एका बीने श्वास घेतला. बी तरी केवढी? राईच्या दाण्याचे दहा तुकडे केले तर त्यातला एक. पण तो श्वास पडद्यावर रेघ होऊन उमटला आणि डॉ. हेमांगी पानवलकर, वय वर्षे बावन्न, गुडघेदुखीने गांजलेली, टुणकन उठून उभी राहिली.

“ओ दिली! अन्वर, अरे ओ दिली तिने!”

डॉ. अन्वर पांगारकर चहाचा कप घेऊनच पलीकडच्या खोलीतून धावत आला. अर्धा चहा सदऱ्यावर सांडला, त्याचं त्याला भानही नव्हतं. ज्या यंत्राने बीला हाक मारली होती ते त्याचं होतं. यंत्र म्हणजे तरी काय, रव्याच्या कणाएवढा भाजलेल्या मातीचा दाणा. दोघांनी त्याचं नाव हाककण ठेवलं होतं.

“किती खर्च झाला तिचा?” अन्वरने विचारलं.

“साठवलेल्या अन्नातलं अकरा तासांचं. आठ महिने झोपणाऱ्या बीला अकरा तास म्हणजे काय रे? झोपेत कूस बदलली म्हणायची.”

“मग त्याच बशीत आणखी चार टाकतो. लवकर उरकेल.”

“खबरदार! एका बशीत एकच बी. दोघींनी एकदम ओ दिली तर मोजायची कुणाची? एक श्वास म्हणजे एक जीव, हे आधी पक्कं व्हायला हवं. सुनावणीत पहिला प्रश्न हाच येणार.”

हेमांगीपुढे काटेकोरपणात कुणाचं काही चालत नसे. अन्वरने कोपरापासून हात जोडले आणि चारशे बशा मांडल्या. चारशे बिया, चारशे हाका, चारशे ओ. एकही चुकली नाही.

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. कोकणातला सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. दिवाळीनंतर पाहाल तर काळाठिक्कर. पाय ठेवला तर चटका बसेल, गवताची काडी दिसणार नाही. आणि तोच सडा श्रावणात पाहाल तर पाय कुठे ठेवू असं होईल. पांढरे गेंद, निळी सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, आणि त्याखाली गुडघाभर गवत. हे सगळं मग आठ महिने बी होऊन दगडाच्या भेगांत झोपतं.

कुठलाही मोठा प्रकल्प यायचा झाला की कायद्याप्रमाणे आधी त्या जागेची मूळस्थिती मोजायची, प्रकल्पानंतर काय उरेल ते ठरवायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. उरेल तो प्रकल्पाचा परिणाम. ही वजाबाकी करायचा परवाना ज्यांच्याकडे असे त्यांना परिणाममापक म्हणत, आणि हेमांगी बावीस वर्षं परिणाममापक होती. पण नियमात एक मेख होती. मूळस्थिती मोजायची ती पावसाळा सोडून कुठल्याही एका ऋतूत! हा नियम ज्याने केला त्याने कोकण पाहिलंच नसावं, किंवा पाहिलं असलंच तर मे महिन्यात, आमरस ओरपत. मापक मंडळी फेब्रुवारीत टोप्या घालून यायची, काळा दगड पाहायची आणि अहवालात लिहायची, ‘खडकाळ, पडीक, सजीवसृष्टी नगण्य.’ नगण्यातून काहीही वजा केलं तरी नुकसान नगण्यच. असे एकोणीस सडे हेमांगीच्या डोळ्यांदेखत गेले. तिने अर्ज केले, भांडली, पावसाळ्यातले फोटो घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. पण नियमात पावसाळा नाही म्हणजे नाही. शेवटी तिने ठरवलं, की पाऊस कायद्यात येत नसेल तर सड्यालाच उन्हाळ्यात बोलतं करायचं.

घाई होती, कारण विसावा सडा रानतळ्याचा होता.

रानतळ्याच्या सड्यावर नव्वद कर्बशोषक मनोरे उभे राहायचे होते. हवेतला कर्बवायू ओढून घेऊन जमिनीत गाडणारे. काम चांगलंच होतं, जग तापलं होतं ते काही खोटं नव्हतं. या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही, हीच तर पंचाईत आहे. पण सड्याच्या काठावर धनगरांची अकरा घरं होती, त्यांच्या साठ म्हशी होत्या, आणि त्या म्हशी सड्याच्या गवतावर जगत होत्या.

जानेवारीत हेमांगी आणि अन्वर हाककणांची पोती घेऊन तिथे पोचले, तेव्हा भागीरथी झोरे दारातच उभी होती. सत्तरी गाठलेली, कमरेत वाकलेली, पण नजर घारीची. हेमांगी विद्यार्थिनी म्हणून पहिल्यांदा सड्यावर आली तेव्हापासूनची ही ओळख. त्या वर्षी हेमांगीला तापाने घेरलं होतं आणि या बाईने तिला आठ दिवस आपल्या घोंगडीत निजवलं होतं. तेव्हापासून ती हेमांगीची भागीमावशी.

“अगो बाय, पिठाची पोती कशाला आनलीस? दुकान काढतंस का सड्यावर?”

“पीठ नाही मावशी. हे पेरलं की सड्याखाली कोण कोण झोपलंय ते कळेल.”

“ते मला इचार की. गवात झोपलंय, फुलं झोपल्यात.”

“तुझं कुणी ऐकणार नाही गं. आकडा लागतो त्यांना.”

“मग सांग त्यांना मोप म्हनून!” म्हातारी खळखळून हसली आणि ताक आणायला आत गेली. पण ताकाचा पेला हेमांगीच्या हातात देताना तिने तिचा हात सोडला नाही. “बाय, आमचं घर ऱ्हाईल ना गो? ल्योक म्हनतो, कागद आलाय उठायचा. म्हशी घेऊन आमी जायाचं कुटं?”

“मावशी, मी जिवंत आहे तोवर या सड्याला कुणी हात लावणार नाही,” हेमांगी म्हणाली. बोलून गेली खरी. मापकाने असं कुणाला वचन द्यायचं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तीन आठवड्यांत तीन मोजण्या करायच्या होत्या. ठरलेल्या दिवशी सगळ्या हाककणांनी एकदम हाक मारायची, तासभर ऐकायचं आणि पुन्हा गप्प व्हायचं. पहिल्या मोजणीत दोनशे चौदा कोटी ओ आल्या. आकडा पाहून हेमांगी रडायला लागली. बावीस वर्षं ज्याला नगण्य म्हणत आले त्याचा हा आकडा! दुसऱ्या आठवड्यात आले तीनशे एक्क्याण्णव कोटी. तिसऱ्यात सातशे सव्वीस.

अन्वरच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. “हेमांगी, बिया तेवढ्याच आहेत. आकडा का वाढतोय?”

“पहिली हाक वरवरच पोचली असेल. खोल भेगांतल्या आता जाग्या व्हायला लागल्यात.”

“असेल. पण मधल्या दिवसांत हाककण बंद असतात. तेव्हा काय चाललेलं असतं ते आपण ऐकलेलं नाही.”

“मधल्या दिवसांत त्या झोपलेल्या असतात, दुसरं काय? तू ना, चांगलं झालं की घाबरतोस.”

आकडा आपल्या बाजूने असला की माणूस त्याला उलटे प्रश्न विचारत नाही. हाच आकडा जर सातशेवरून दोनशेवर घसरला असता, तर हीच हेमांगी महिनाभर झोपली नसती. पण तो वाढत होता. तिने तो अहवालात लिहिला आणि खाली सही केली.

मार्चमध्ये शाळेच्या पटांगणात मांडव घालून जनसुनावणी झाली. समितीच्या अध्यक्ष श्रीमती कुंदा राजाध्यक्ष, न्यायालयातून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या आणि सरळ बाई. प्रकल्पाच्या बाजूने डॉ. सुधन्वा टिळेकर, तेही वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी हेमांगीला चांगलं तासभर उभं केलं.

“डॉक्टर पानवलकर, झोपलेली बी आणि मेलेली बी दिसायला सारखीच. तुम्ही ओळखता कसं?”

“हाक मारून. पावसाआधी ओल्या मातीला जो वास सुटतो, त्यातलं एक द्रव्य बियांना कळतं. हाककण ते किंचितसं सोडतो. जिवंत बीला वाटतं, आली वेळ. ती एक श्वास टाकते. पाणी मिळालं नाही की पुन्हा झोपते. तो श्वास हाककणाने टिपला की एक जीव मोजला गेला.”

“आणि या जागवण्याने तिला इजा?”

“अकरा तासांचं अन्न. चारशे बियांवर तपासलंय, प्रत्येक वेगळ्या बशीत.”

टिळेकरांनी चष्मा पुसला. “पद्धत निर्दोष आहे,” ते म्हणाले. माणूस प्रामाणिक होता. त्यांनाही ती चूक दिसली नाही, कारण त्यांनी केलं असतं तरी असंच, एका बशीत एक बी घेऊनच केलं असतं. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला दोन बिया एकत्र ठेवणं म्हणजे गलथानपणा वाटतो.

सातशे सव्वीस कोटी जीव वजा होणार म्हटल्यावर निकाल काय लागायचा तो लागला. परवानगी नाकारली. अकरा घरांत गुळाचे खडे वाटले गेले. भागीमावशीने हेमांगीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि हेमांगीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण शिकलो त्याचं सार्थक झालं.

समितीने त्याच दिवशी आणखी एक आदेश काढला. ही पद्धत इतकी चांगली आहे, तर कोकणातल्या उरलेल्या सगळ्या सड्यांना तिचा लाभ का मिळू नये? एकशे बासष्ट सडे होते. मे संपायच्या आत सगळ्यांची मोजणी करायची, म्हणजे पुन्हा कुणी त्यांना पडीक म्हणणार नाही. नव्वद मापक नेमले गेले आणि त्यांना शिकवायला कोण, तर हेमांगी. तिने घसा बसेपर्यंत शिकवलं. रोज कुठून ना कुठून निरोप यायचा, ‘मॅडम, आमच्या सड्याने तर तुमच्या सड्याला मागे टाकलं!’ ती प्रत्येकाला उत्तर द्यायची, शाबास म्हणायची.

जुलै संपत आला तेव्हा भागीमावशीचा फोन आला. तिला फोन लावता येत नसे, लेकाने लावून दिला होता.

“बाय, पाऊस पडून दीड म्हैना झाला. सडा काळाच हाय गो अजून.”

“उशीर झाला असेल मावशी, यंदा—”

“उशीर न्हाय. मी सत्तर पावसाळं बगितलंत. यंदा कायच न्हाय. तू ये.”

हेमांगी आणि अन्वर त्याच दुपारी निघाले. सड्यावर पाणी साचलं होतं, निवळशंख, आणि त्या पाण्याखाली नुसता दगड. शेवाळाची तेवढी पातळ निसरडी साय. गेंद नाहीत, आसवं नाहीत, तेरडा नाही, गवताचं एक पातं नाही. म्हशी पाण्यात उभ्या राहून दगड हुंगत होत्या. हेमांगी गुडघ्यांवर बसली आणि भेगांतली माती बोटांनी उकरू लागली. बिया होत्या. तिने एक नखावर घेऊन दाबली, तर ती पापुद्र्यासारखी चुरली. आत काहीच नव्हतं. दुसरी चुरली, तिसरी चुरली. अन्वरने तिचे हात धरले तेव्हा नखांतून रक्त येत होतं.

भागीमावशी लांब उभी होती.

प्रयोगशाळेत परत आल्यावर अन्वरने कपाट उघडलं. डिसेंबरातल्या बियांच्या कुपीत दोनच बिया उरल्या होत्या. त्याने एक बशी घेतली आणि तिच्यात दोन बिया ठेवल्या, शेजारी शेजारी. मग हाककणाला एकदाच हाक मारायला लावली आणि तो काढून घेतला.

पडद्यावर रेघ उठली. पहिल्या बीने ओ दिली. मग दुसरीने दिली. मग पुन्हा पहिलीने.

“हाककण तर काढून घेतलाय,” हेमांगी म्हणाली.

“हो. आता त्याच एकमेकींना हाका मारताहेत. बीच्या श्वासातच तो वास असणार. एकीची ओ ही दुसरीला हाक वाटते.” अन्वर सावकाश बोलत होता, जणू त्याचं त्यालाच समजावत होता. “पावसात हे त्यांच्या भल्याचंच आहे. सड्यावर पाणी थोडे दिवस टिकतं. एकीला कळलं की सगळ्यांना कळतं आणि सगळ्या एकदम उठतात. उगवली की बी गप्प होते. पण पाणीच नसलं तर? उगवताही येत नाही, आणि शेजारीण हाका मारतेय तोवर झोपताही येत नाही.”

“प्रत्येक ओ अकरा तासांची.”

“प्रत्येक.”

“म्हणजे सातशे सव्वीस कोटी...”

“बिया दोनशे कोटींच्याच आसपास. तासाभरात तीन-तीनदा, चार-चारदा ओ देणाऱ्या. आपण श्वास मोजले हेमांगी, आणि त्यांना जीव म्हणालो. आकडा वाढत होता तो त्यांचा आकांत होता गं.”

बशीतल्या त्या दोघींचा संवाद एकोणीस दिवस चालला. हेमांगी एकोणीस दिवस समोर बसून राहिली. अन्वर दोन वेळचा डबा आणून ठेवायचा आणि तसाच उचलून न्यायचा. विसाव्या दिवशी पहिलीने हाक मारली, दुसरीने ओ दिली नाही. बशीत उरलेल्या वासावर पहिलीने आणखी दोनदा हाक मारली. मग रेघ सरळ झाली.

“बी आणू,” हेमांगी एकदम म्हणाली. “शेजारच्या सड्यावरून. पोती भरून आणू आणि भेगांत पेरू. चार-पाच वर्षं लागतील, पण सडा येईल परत. येईल की नाही? सांग ना, येईल की नाही?”

अन्वरने टेबलावरच्या मोजणीच्या यादीकडे बोट दाखवलं, आणि तिच्या लक्षात आलं. शेजारच्या सड्यावर मेमध्ये मोजणी झाली होती. त्याच्या शेजारच्याही झाली होती. तिने यादी उघडली. एकशे बासष्ट सडे, प्रत्येकापुढे तीन आकडे, आणि प्रत्येक ठिकाणी दुसरा पहिल्याहून मोठा, तिसरा दुसऱ्याहून मोठा. खाली तिच्या हाताखाली शिकलेल्यांच्या सह्या. एकानेही काम टाळलं नव्हतं. सगळे तिच्यासारखेच चोख निघाले होते.

तिने समितीला सोळा पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, की आपल्या शंकेची गंभीर दखल घेतली आहे, पुढील उन्हाळ्यात सर्व सड्यांची प्रचलित पद्धतीने पुन्हा मोजणी करून शहानिशा करण्यात येईल. हेमांगी ते वाचून हसायला लागली, आणि हसणं थांबेना तसं अन्वरने तिला घरी नेऊन सोडलं.

ऑक्टोबरात मनोऱ्यांचा फेरअर्ज आला. सड्यावर काही उगवलेलं नाही हे कुणाच्याही डोळ्यांना दिसत होतं, त्यामुळे मूळस्थिती नव्याने नोंदायची होती. पुन्हा तेच पटांगण, तोच मांडव. सुनावणीच्या आदल्या दिवशी भागीमावशी एस.टी.ने दोनदा गाडी बदलून रत्नागिरीला आली. हेमांगीच्या दारात बसली, आत यायला तयार होईना.

“बाय, अन्वरभाऊनं सांगितलं मला काय झालं ते. तुज्यावर राग हाय माजा. लय राग हाय. पन तू मुद्दाम न्हाय केलंस, ते बी कळतंय मला.” तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. “उद्या येक डाव खोटं बोल. सांग, अजून झोपलंत म्हनून. यंदा उठलं न्हाईत, पुढच्या पावसात उठतील म्हनून सांग. सडा गेला तो गेला, घर तरी ऱ्हाऊ दे.”

हेमांगीने तिचे पाय धरले. “सांगते मावशी,” ती म्हणाली. आणि तिला खरंच तसं सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी राजाध्यक्षबाईंनी विचारलं, “डॉक्टर, सड्यावरच्या बिया झोपलेल्या असण्याची काही शक्यता?”

मांडवात पहिल्या रांगेत भागीमावशी बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून.

हेमांगीने होय म्हणायला तोंड उघडलं. आणि होय म्हटलं की काय होईल ते तिला लख्ख दिसलं. बिया झोपल्या आहेत म्हटलं की त्या मोजाव्या लागणार. मोजायच्या म्हणजे हाक मारायची. इथेही आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळीकडेच. कुठे एखाद्या खोल भेगेत, एखाद्या उतारावर, शेजारीण नसलेली अशी एकटी बी चुकून वाचलीच असेल, तर तीही मग उरणार नाही. पद्धत आजच मोडायला हवी होती. ती मोडायला तिच्याकडे एकच गोष्ट होती, खरं बोलणं.

“नाही,” ती म्हणाली. “त्या मेल्या आहेत. मी मारल्या. माझ्या मोजणीने मारल्या. ती मोजणी ताबडतोब बंद करा, सगळीकडे—”

“फक्त या सड्यापुरतं बोला,” बाई हळूच म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. “मोजणी बंद करण्याची शिफारस मी जरूर करीन. पण या अर्जात मला एकच रकाना भरायचा आहे. प्रकल्पामुळे या सड्यावरच्या सजीवांचं किती नुकसान होईल?”

“नुकसान आधीच झालंय!”

“ते अभ्यासामुळे झालं. अभ्यासाला परवानगी लागत नाही, म्हणून त्याच्या परिणामाला रकानाच नाही. प्रकल्पामुळे किती, डॉक्टर?”

वजाबाकी सोपी होती. हेमांगीने बावीस वर्षं केली होती.

“शून्य,” ती म्हणाली.

भागीमावशी उठली आणि मांडवातून निघून गेली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मोजणीवर महिन्याभरात बंदी आली. सरकारी काम एवढ्या लवकर झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. आणि नोव्हेंबरात अकरा घरं उठायचा दिवस आला. येऊ नकोस म्हणून अन्वरने हेमांगीला परोपरीने सांगितलं, पण ती गेली. ट्रक रांगेत उभे होते. पातेली, घोंगड्या, दारांच्या चौकटी वर चढल्या होत्या. सहा ट्रकांत म्हशी दाटीवाटीने उभ्या होत्या, हाडं वर आलेल्या. पुनर्वसन अधिकारी हेमांगीला पाहून लगबगीने पुढे आला. चांगला माणूस होता, महिनाभर या लोकांसाठी धावपळ करत होता.

“मॅडम, या लोकांना कुठलंतरी माळरान द्यायचं नाही, असं मी साहेबांशी भांडलो. गुरांचे लोक आहेत, चारा हवा. आता सगळे सडे सारखेच काळे दिसतात, म्हणून तुमचीच यादी काढली. उन्हाळ्यात सगळ्यात मोठा आकडा ज्या सड्याचा आला, तोच यांना दिलाय. राजापूरच्या पलीकडचा. अकराशे कोटी! तुमच्या यादीतला पहिला नंबर.”

भागीमावशी पुढच्या ट्रकच्या पायरीवर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. सुनावणीनंतर पहिल्यांदाच तिने हेमांगीच्या डोळ्यांत पाहिलं. राग होताच, पण तो बाजूला सारून ती विचारत होती, कारण साठ म्हशींचा प्रश्न होता आणि दुसरं विचारायला तिला कुणी नव्हतं.

“मला वाचता येत न्हाय. तूच सांग बाय. तो सडा चांगला हाय? तिकडं गवात असंल ना गो?”

आता खोटं बोलून काय बिघडणार होतं? निदान वाटेवरचे तीन तास तरी म्हातारीने आशेत काढले असते. हेमांगी तिच्यापाशी खाली मातीत बसली.

“नाही मावशी.”

“मग दुसरा कुटला?”

“कुठलाच नाही. सगळ्यांना हाक मारून झालीय.”

भागीमावशीने ट्रकची कड धरून स्वतःला उभं केलं आणि लेकाला हाक मारली.

“उतरव रे म्हशी. तिकडं न्हेऊन बी उपाशीच मरायच्या. हितंच मरूदेत.”

लेकाने अधिकाऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि फळकुट काढलं. म्हशी एकेक करून फळीवरून खाली उतरल्या, जरा घुटमळल्या, आणि रोजच्या सवयीने सड्याच्या वाटेला लागल्या. त्यांना अडवायला कुणी पुढे झालं नाही.